गव्हाच्या कोठीवरचं काउनास

माझ्या मायनं जळगावचा टॉवर उभ्या जन्मात दोन-तीनदा पाहिला असेल, तोही एसटीच्या खिडकीतून. पण काउनास गावात किल्ल्यापासून निघालं की टाऊन हॉल कुठं लागतो, तिथून भुतांच्या म्युझियमला कसं जायचं आणि टेकडीवर चढायचं तर दोरखंडानं ओढला जाणारा डबा कुठून सुटतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगायची. सावद्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, चुलीपुढं, फुंकणी हातात धरून सांगायची. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत. हसेनात का. माझा मोठा भाऊ मधुकर, माझा दादा, त्या गावात डॉक्टरकी शिकत होता. गावातले लोक म्हणायचे, पोरगं रशियात हाये. दादा त्यावर फार चिडायचा. म्हणायचा, रशिया नाही, लिथुआनिया. तिथल्या माणसाला रशियन म्हटलं तर तो पाणीसुद्धा विचारणार नाही. तेव्हा नकाशात ते सगळं एकाच रंगाचं होतं, आमच्या भूगोलाच्या बाईंनाही वेगळं काढून दाखवता आलं नव्हतं. मायला मात्र नकाशाशी देणंघेणं नव्हतं. तिला गाव कळलं होतं.

कळलं ते चित्रांच्या कार्डांवरून. दादा लिफाफ्यात घालून कार्डं पाठवायचा, पुढे रंगीत फोटो आणि मागे त्याचं बारीक, मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर. मायला वाचता येत नव्हतं. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आत मला ती उंबऱ्यावर बसवायची आणि कार्ड वाचून घ्यायची. एकदा नाही, जेवढ्यांदा म्हणेल तेवढ्यांदा. मग एके दिवशी तिनं काय केलं, तर ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली आणि सगळी कार्डं गव्हाच्या पत्र्याच्या कोठीवर चिकटवून टाकली. फोटो वर, अक्षर आत. भाऊ, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी स्टेशनवरून आले. ते केळीच्या वॅगन भरून घ्यायचं काम करत. त्यांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग कायमचे असायचे, धुतल्यानं आणखी गडद व्हायचे. त्यांनी कोठीकडे बघितलं आणि मटकन खाली बसले. म्हणाले, "अवं, त्याचं लिवलेलं बठ्ठं मागं गेलं की. आता वाचाचं कसं?" माय शांतपणे भाकरी थापत म्हणाली, "लिवलेलं शोभीनं वाचलं ना, ते माह्या डोक्यात हाये. चित्र डोक्यात राहत नही." त्या दिवसापासून आमच्या घरात गहू काढायचा म्हणजे आधी काउनास दिसायचं.

आणि खरंच तिच्या डोक्यात सगळं होतं. कोठीच्या डाव्या अंगाला किल्ला, लाल विटांचा, एक बुरूज धड आणि बाकीचा पडलेला. दोन नद्या जिथं मिळतात तिथं तो आहे, असं दादानं लिहिलं होतं. माय लगेच म्हणाली, "म्हंजे चांगदेव." आमच्याकडे तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला, तिथं ती माहेरच्या माणसांबरोबर गेलेली. झालं, तेव्हापासून काउनासचा किल्ला म्हणजे तिकडचं चांगदेव. त्याच्या शेजारी टाऊन हॉल, पांढराशुभ्र, निमुळता मनोरा असलेला. तिथले लोक त्याला पांढरा हंस म्हणतात आणि लग्नं लावायला तिथं जातात. त्यावर मायनं माझ्याकडून उलट लिहून घेतलं की हंस लांबूनच बघावा. मग एका मोठ्या म्युझियमचा मनोरा, त्यात घंटाच घंटा, रविवारी त्यांच्यावर गाणी वाजवतात आणि लोक खाली बागेत उभं राहून ऐकतात. आणि टेकडीवरचं एक प्रचंड पांढरं चर्च, पण त्यात प्रार्थना नव्हती. सरकारनं तिथं रेडिओचा कारखाना घातला होता. हे ऐकून माय दोन दिवस अस्वस्थ होती. "मंग देव कुठी गेला?" असं तिनं मला लिहायला लावलं. दादाचं उत्तर आलं, देव लोकांनी घराघरांत लपवून ठेवला आहे. तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

भुतांचं म्युझियम मात्र तिला सगळ्यात आवडलं. खरंच आहे हो तसलं म्युझियम, मी काही मनानं सांगत नाही. लाकडाची, मातीची, लोखंडाची भुतं, सैतान, राक्षस, देशोदेशीचे, कपाटांत ओळीनं मांडलेले. दादा तिथं पहिल्यांदा गेला तो भुतांच्या ओढीनं नाही, थंडीच्या मारानं. आत ऊब असायची. तिथल्या एका दालनात खुर्ची टाकून एक म्हातारी बसायची, ओना तिचं नाव. कुणी कपाटाला हात लावला की खेकसायची आणि एरवी मोजे विणायची. हा काळासावळा पोरगा दर रविवारी येऊन भुतांपुढं तास-तास उभा राहतो म्हणून तिनं आधी संशय घेतला, मग चौकशी केली, मग घरी नेऊन बटाट्याचं काहीतरी खाऊ घातलं. आमचं घर माळकरी, दादा मांस-मासळीला शिवायचा नाही. तिकडे थंडीत निव्वळ भाजीवर राहणारा माणूस म्हणजे वेडाच. ओना त्याला रागवायची, पण त्याच्यापुरतं वेगळं रांधायची. माय तिला ओनाबाई म्हणू लागली. पुढं पुढं तर "आज ओनाबाईचा गुडघा दुखत असंन, थंडी हाये" असंही म्हणायची, जणू ती आमच्या गल्लीतच राहत होती.

दोन वर्षांनी दादा उन्हाळ्यात घरी आला. मे महिना, पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन, आणि हा दिवसभर न्हाणीत बसून अंगावर तांबे ओतून घ्यायचा. परत जाताना त्याला म्युझियमसाठी आपल्याकडचा एखादा राक्षस न्यायचा होता. येणारे-जाणारे लोक देतात म्हणे तिथं भेट. त्यानं जत्रेतला कागदाच्या लगद्याचा रावणाचा मुखवटा शोधून आणला, हिरवा चेहरा, मिशा आणि लाल डोळे. माय म्हणाली, "राक्षस असा विनाओयखीचा कुठी पाठवू नये. त्याले वाट दाखवणारं कोनी पाहिजे." मग तिनं त्या रावणाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पेटीत ठेवला. तो म्युझियममध्ये लागला, ओनाबाईच्या दालनात, असं दादानं पुढं कळवलं. हल्ली माझा मुलगा मोबाइलवर त्या म्युझियमचे फोटो दाखवतो. मी चष्मा लावून एकेक कपाट बघते. आमचा रावण काही सापडला नाही अजून.

एक कार्ड मात्र मला इथं नीट सांगायला हवं. तेही कोठीवर होतं, अगदी झाकणाशी. त्यावर बर्फातलं एक लाकडी घर होतं आणि मागे दादानं नाताळच्या आदल्या संध्याकाळचं लिहिलं होतं. त्या संध्याकाळी ओनाबाईनं त्याला जेवायला बोलावलं होतं. सरकारला तसलं काही चालत नसे, म्हणून लोक पडदे ओढून सण करत. मेजावर आधी सुकं गवत पसरतात, त्यावर पांढरं कापड. मांस नसतं, दूधतूप नसतं. मासे असतात, बीट असतं, खसखशीचं दूध असतं, काळा पाव असतो. आणि एक ताट जास्तीचं मांडतात, त्याच्याशी मेणबत्ती लावतात. घरातलं जे माणूस त्या वर्षात गेलं असेल, त्याचं ते ताट. त्या वर्षी ओनाबाईचा नवरा वारला होता, त्याच्यासाठी तिनं वाढलं होतं. दादानं विचारलं, शेजारचं कुणी गेलं, ओळखीचं गेलं, तर त्याचंही मांडता का? तर ती म्हणाली, नाही, ते फक्त घरच्याचं. मायनं हे कार्ड माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की मलाच पाठ झालं. "आपल्या पित्तरांसारखंच हाये," असं ती म्हणायची. "मानूस कुठलंबी असो, गेलेल्याले उपाशी ठेवत नही."

एकच गोष्ट तिला काउनासची पटली नव्हती. हिवाळ्यात नदी गोठते आणि लोक तिच्यावरून चालत पलीकडे जातात, हे दादानं मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं. माय ते ऐकून हातातलं काम सोडून बसली. तापीला आमच्याकडे माय म्हणतात. तिच्यात उतरायचं तर आधी पाणी डोळ्याला लावायचं. नदीच्या अंगावर जोडे घालून चालायचं, हे तिच्या बुद्धीत बसेना. तिनं मला लिहायला लावलं, नदीवरून चालू नको, पुलावरून जात जाय, लांब पडलं तरी. दादानं उत्तरात फक्त 'बरं' लिहिलं. ओनाबाईचं घर नदीपलीकडे होतं.

तो परत गेला त्याच हिवाळ्यात तार आली. इंग्रजीत होती, पोस्टमास्तरांनीच वाचून सांगितली: मधुकर बेपत्ता आहे, शोध चालू आहे. बस, एवढंच. भाऊ दिल्लीला जाऊन आले, कोणत्या कोणत्या कचेऱ्यांत बसून आले. तिकडे तेव्हा सगळंच पेटलं होतं, ती माणसं आपला देश वेगळा मागत होती, रस्त्यावर रणगाडे उतरले होते. फोन लागत नव्हते, टपाल पोचत नव्हतं. भाऊ परत आले ते अर्धे होऊन. मायनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "बेपत्ता म्हंजे हरपला. हरपलेलं सापडतं." आणि हेच तिनं धरून ठेवलं. सणवार, गोडधोड, काही सोडलं नाही. दादाचं ताट-वाटी घासून पालथं घालायची. मी तेव्हा नववीत होते. सगळं कळत होतं, आणि तिच्यासारखंच काही कळून घ्यायचं नव्हतं.

आमचे मोठे आबा, म्हणजे भाऊंचे थोरले भाऊ, शेजारच्याच घरात राहत. भाऊबंदकीत त्यांचा शब्द शेवटचा. माणूस वाईट नव्हता, कडक होता. आणि माय त्यांची धाकटी भावजय, म्हणून ती त्यांच्याशी समोरासमोर कधी बोललेली नव्हती. आमच्याकडे तशी रीतच होती. भासरा ओट्यावर आला की डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा आणि काही सांगायचं झालं तर पोराला मध्ये घालायचं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांचं सगळं बोलणं असं तिसऱ्याच्या तोंडून चाललं होतं. आधी दादा मध्ये असायचा, तो शिकायला गेल्यावर मी. आजच्या पोरींना सांगितलं तर त्या हसतात, माझी सून तर म्हणते, बरंच होतं की. पाडवा झाला आणि मोठ्या आबांनी ओट्यावरून मला सांगितलं, "शोभे, तुह्या मायले म्हन, दर्भाचा पुतया करून मधूचं क्रियाकर्म करून टाकू. असं लोंबकयत ठेवनं बरं नही." माय दाराआड उभी होती. पदराच्या आतून म्हणाली, "शोभे, आबायले सांग, माह्यं पोरगं गवताचं नही." मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी ऐकलं होतं, पण रीत म्हणून मी सांगितलं.

मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, म्हणजे घराण्याची देवी मांडतात, खानदेशात राहिलेल्याला हे सांगायला नको. तिच्या नैवेद्याचे जाड रोट करायचे म्हणजे आदल्या दिवशी गहू काढायचे, आणि ते मापानं नाही, मुठीनं. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याची सव्वा मूठ सुपात टाकायची. बायकांची मूठ नाही. त्यांनी दळायचं आणि भाजायचं. मी एकदा विचारलं होतं, तर मायनं फक्त माझ्याकडे बघितलं. तेवढ्याच गव्हाचे रोट, आणि ते घरच्यांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. आणि भाऊबंदकीत मरण झालं असेल तर रोट झाकायचे. घराण्यात मूल जन्मेपर्यंत कानबाई बसवायची नाही. मेलेल्या माणसाची मूठ त्या पिठात गेली तर सगळ्यांचेच रोट बाटतात, अशी आमच्याकडची समजूत. दोन घरांचे गहू मायच काढायची, तिच्या हाताला यश आहे म्हणून.

त्या शनिवारी दुपारी माय कोठीपुढं सूप घेऊन बसली. भाऊ स्टेशनवर होते, वॅगन लागल्या होत्या. मोठे आबा येऊन आमच्या माजघराच्या दारात उभे राहिले. एरवी ते आत येत नसत. माय पाठ करून बसली, पदर ओढला. ते म्हणाले, "शोभे, मायले विचार, मधूची मूठ घेनार हाये का?" माय म्हणाली, "सांग, घेनार." ते म्हणाले, "तिले म्हन, तो जिता असंन तर देवीनं त्याले सुखी ठेवावं. पन नसंन, तर दोन्ही घरायच्या लेकरायच्या तोंडात आपुन काय घालतो हाये, याचा इचार कर. मंग माह्या घरचं कोनी रोट खानार नही." इतकी वर्षं एकत्र बसलेली कानबाई तुटायला निघाली होती. या वेळी मी मध्ये पडून सांगितलं नाही. माय झाकण उघडून गव्हात हात घालून तशीच बसली. मग एकेक नाव घेऊन मूठ टाकू लागली. मोठ्या आबांचं नाव ती घेऊ शकत नव्हती, म्हणून "मोठे घर" म्हणून टाकली. भाऊंचंही नाव नाही, "आपलं घर" म्हणून. चुलतभावांची नावं घेतली. प्रत्येकाची वेगळी ढिगली सुपात पडली. आणि मग "मधुकर" म्हणाली, आणि त्याची मूठ टाकली. मोठे आबा दारातून हलले नाहीत.

याच वेळी विलास आला. पायरीवर जोडे वाजले आणि एक उंच, वाळलेला पोरगा, हातात दादाची निळी पेटी घेऊन उभा. पेटी मी लगेच ओळखली. विलास धुळ्याचा, दादाच्याच वर्गातला. त्याचं नाव आम्हाला कार्डांमधून माहीत होतं. तो नुकताच परत आला होता. धुळ्याला आपल्या घरी एक रात्र राहून, जळगावला गाडी बदलून, तडक आमच्याकडे आला होता. त्यानं मोठ्या आबांना नमस्कार केला, मायच्या पाया पडला आणि पेटी खाली ठेवून तिच्याशेजारी बसला. मी पाणी आणलं. त्यानं तांब्या तोंडाला लावला, आणि मग त्याची नजर कोठीकडे गेली. किल्ला, हंस, घंटांचा मनोरा, टेकडीवरचं चर्च, सगळं त्या पत्र्यावर. त्यानं अर्धा तांब्या तसाच खाली ठेवला.

मायनं त्याला सावरायला वेळ दिला नाही. ती विचारतच सुटली. चर्चमधला कारखाना हलवला का? हलवताहेत, माय, देव परत आणणार म्हणतात. घंटा वाजतात का? वाजतात. किल्ल्याच्या पडक्या बुरजाची डागडुजी केली का? नाही केली. तो डबा अजून टेकडीवर चढतो का? चढतो. आमचा रावण हाये का तिथं? आहे, ओना मावशी रोज त्याच्यावरची धूळ पुसते. तो एकेका प्रश्नाला उत्तर देत गेला आणि माय मान डोलवत गेली, मास्तर परीक्षा घेतात तशी. तिनं गावातलं सगळं विचारलं. नदीचं तेवढं विचारलं नाही.

विलासला ते सहन होईना, हे मला दिसत होतं. तो सांगायला आला होता आणि सांगता येत नव्हतं. खाली बघत, आपल्या घरच्या बोलीतले शब्द मध्येच घालत तो म्हणाला, "माय, ओना मावशी भू चांगली शे. तिनं खूप केलं आमचं. मधू नव्हता तरी नाताळच्या आदल्या दिवशी तिनं मला जेवायला बोलावलं. आणि त्याला विसरली नाही. मधूचं ताट मांडलं तिनं, माय. मेणबत्ती लावली त्याच्या ताटाशी." त्याला वाटलं, हे ऐकून तिला धीर येईल, परक्या मुलखात कुणीतरी आपल्या पोराची एवढी आठवण ठेवली म्हणून. त्या ताटाचा अर्थ सावद्यातल्या बाईला काय ठाऊक असणार, असंच त्याला वाटलं असणार. तिला तो अर्थ त्याच्याइतकाच ठाऊक आहे, तो तिच्या पाठीमागच्या पत्र्यावर चिकटवलेला आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत. मी मायकडे बघू शकले नाही, कोठीच्या झाकणाजवळच्या त्या बर्फातल्या घराकडे बघत राहिले.

बाहेर कुणाच्या तरी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत गेल्या. मग मायनं अगदी साध्या आवाजात, बाजारातला भाव विचारावा तसं विचारलं, "ताटात काय काय वाढलं व्हतं?"

विलास गोंधळला. "बटाटे होते. बीट. काळा पाव. खसखशीचं दूध."

"आन मासा?"

"आमच्या सगळ्यांच्या ताटात होता, माय. त्याच्या ताटात नाही वाढला. तिच्या मुलीनं वाढायला घेतला तर मावशीनं तिचा हात धरला. म्हणाली, आपला मधू खात नाही."

मी आता पन्नाशीला आले, पुष्कळ मरणं पाहिली. माणूस गेल्याचं कुठल्या क्षणी खरं वाटतं, ते सांगता येत नाही. कुणाला चितेपाशी वाटतं, कुणाला वर्षानं. माझ्या मायला सरकारी तारेनं वाटलं नाही, मोठ्या आबांच्या सांगण्यानं वाटलं नाही. हजारो कोसांवरच्या एका बाईनं ताटात मासा वाढला नाही, म्हणून वाटलं. त्या बाईनं त्याला घरचा धरला होता. घरच्याचंच ताट मांडतात तिकडे, आणि ते गेलेल्याचं असतं. तिला आणखी काही सांगायची गरज राहिली नाही.

तरी तिनं विचारलं, "नदीवरून चालला व्हता?" विलासनं हो म्हणून मान हलवली. म्हणाला, बर्फ अजून पुरता धरला नव्हता, मी मागं होतो, त्यानं मला हात करून थांबवलं, मग बर्फ फुटला आणि तो दिसलाच नाही. आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला. मायनं डाव्या हातानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या भावाला शेवटचं पाहिलेला तो एकटाच होता, आणि रडायला तो आमच्या दाराशी आला होता.

मग ती सुपाकडे वळली. एकेक ढिगली उचलून परत कोठीत टाकू लागली. मोठ्या घराची, आपल्या घराची, चुलतभावांची. गव्हाचा पत्र्यावर पडतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. शेवटी दादाची ढिगली राहिली. ती तिनं मुठीत घेतली, हात कोठीवर नेला, आणि मूठ काही उघडेना. सगळ्या गव्हात त्याचा गहू मिसळायचा नव्हता तिला, की सुटायचाच नव्हता, मला सांगता येणार नाही. बोटं पांढरी पडली होती. मी "माय" म्हटलं, तिला ऐकू गेलं नाही. ती तशीच उठून उभी राहिली, मूठ पुढं धरून. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता आणि तिनं तो वर घेतला नाही. ती दाराकडे वळली आणि सरळ मोठ्या आबांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आबा, माहा मधू गेला."

मध्ये मी होते, पण तिनं मला सांगायला लावलं नाही. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी बोलली ती ही पहिली वेळ. मोठ्या आबांचा चेहरा कसाकसा झाला. उंबरा ओलांडून ते आत आले आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्या मुठीखाली धरली. म्हणाले, "टाक माय, माह्या हातात टाक." बोट-बोट करून तिची मूठ सुटली. गहू त्यांच्या ओंजळीत पडले. मग माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "शोभे, स्टेशनवर जाय. भाऊले घरी घेऊन ये."

मी अनवाणी पळत सुटले. भाऊ वॅगनपाशी होते, केळीच्या पाल्यात गुडघाभर उभे. मला बघताच त्यांनी हात पुसले. आम्ही दोघं घरी आलो तेव्हा माय कोठीला टेकून खाली बसली होती, विलास तिच्या पायाशी होता, आणि मोठे आबा माजघराच्या मधोमध, ओंजळ तशीच धरून उभे होते.